शरीराची प्रतलं, दिशा आणि ऊती: कोणत्या क्रमाने शिकायचं आणि कुठे चुकतं

नाशिकमध्ये नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस, डीएमएलटी यांपैकी कशालाही प्रवेश घेतलेली मुलं पहिल्या आठवड्यात एक काम हमखास करतात. मीडियल-लॅटरल, अँटिरियर-पोस्टीरियर, प्रॉक्सिमल-डिस्टल अशी जोड्यांची यादी वहीत उतरवतात आणि घोकतात. यादी पाठही होते. मग व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) प्रश्न येतो, “रेडियस मीडियल की लॅटरल?” म्हणजे हाताचं अंगठ्याकडचं हाड शरीराच्या मध्यरेषेजवळ की लांब? मुलगी टेबलावर पालथ्या ठेवलेल्या स्वतःच्या हाताकडे बघते, अंगठा शरीराकडे वळलेला दिसतो, आणि ठामपणे सांगते, “मीडियल, सर.”

यादीत काही चूक नव्हती. दिशेचा शब्द वापरण्याआधी शरीर कसं उभं आहे आणि तुलना कशाशी चालली आहे, हे ठरवायचं राहून गेलं. ते ठरवल्याशिवाय ‘मीडियल’ला काही अर्थच नसतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. चौथा टप्पा वाचून पहिल्याकडे यायची सवय असेल तर ती इथे सोडा.

शब्द वर्गात बोलले जातात तसेच ठेवले आहेत. ज्यांचं शालेय शिक्षण मराठीतून झालं त्यांना नववीच्या विज्ञानातले ऊतींचे (टिश्यूंचे) शब्द आठवत असतील. ते जिथे उपयोगी पडतात तिथे सोबत दिले आहेत. (आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच दिंडोरी रोडला असलं, तरी नाशिकच्या मुलांना पेपर सोपा येतो असा अनुभव कोणाचाच नाही.)

## तयारी

एकट्याने पुस्तक धरून हा विषय डोक्यात शिरत नाही. एवढं जमवा:

- एक जोडीदार. आरसा चालणार नाही, तो डावं-उजवं फिरवून दाखवतो. मोबाइलचा सेल्फी कॅमेराही त्याच कारणाने नको.
- टिकल्यांचं एक पाकीट. शरीरावर खुणा करायला याहून स्वस्त आणि सहज निघणारं साधन नाही.
- वहीच्या आकाराचा एक जाड पुठ्ठा.
- कांद्याच्या पातीच्या दोन-तीन नळ्या आणि धारदार ब्लेड.
- जर्नलसाठी एक निळी-जांभळी आणि एक गुलाबी पेन्सिल.

जागा मोकळी हवी. अभ्यासिकेत हे जमत नाही. जोडीदाराला उभं करून टिकल्या लावायला लागलात की कोणीतरी ‘शांतता राखा’च्या पाटीकडे बोट दाखवतं. हॉस्टेलची गच्ची किंवा घरची पडवी बरी. टप्पा १ ते ५ एका बैठकीत करा, ऊती दुसऱ्या दिवशी घ्या. दोन्ही एका रात्रीत कोंबले तर सकाळी ‘ट्रान्सव्हर्स एपिथेलियम’ असलं काहीतरी लिहून ठेवाल.

## टप्पा १: आधी माणूस नीट उभा करा

अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणजे ठरवून दिलेली उभी स्थिती. शरीररचनेतला दिशेचा प्रत्येक शब्द या स्थितीवरून मोजला जातो. जोडीदाराला असं उभं करा:

१. ताठ उभं, चेहरा समोर, नजर सरळ क्षितिजाकडे.
२. पावलं जवळजवळ, बोटं पुढे.
३. हात अंगाच्या दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले.
४. तळहात समोर. त्यामुळे अंगठे बाहेरच्या बाजूला, शरीरापासून लांब जातात.

चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात. आपण सहज उभे राहतो तेव्हा तळहात मांडीकडे वळलेले असतात. तळहात समोर फिरवला की कोपराच्या पुढच्या भागातली दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, एकमेकांना समांतर येतात. तळहात मागे फिरवला की रेडियस अल्नावरून तिरकी जाते आणि तिचं खालचं टोक आतल्या बाजूला येतं. वरच्या प्रसंगातल्या मुलीचं इथेच चुकलं. तळहात समोर असताना अंगठ्याकडची रेडियस लॅटरल, करंगळीकडची अल्ना मीडियल.

आता टिकल्या लावा. कपाळाच्या मधोमध, हनुवटीवर, छातीच्या मधल्या हाडावर आणि बेंबीशी; ही झाली मध्यरेषा. मग एका हातावर खांदा, कोपर, मनगट, मधल्या बोटाचं टोक. एका पायावर जांघ, गुडघ्याची वाटी, घोटा, अंगठा.

तपासा: हाताचा अंगठा मध्यरेषेपासून लांब आहे का? पायाचा अंगठा मध्यरेषेजवळ आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ हवं. हाताचा अंगठा लॅटरल आणि पायाचा अंगठा मीडियल, ही विसंगती इथे डोळ्यांनी बघून ठेवा. टिबिया म्हणजे नडगीचं हाड अंगठ्याच्या बाजूचं, म्हणून मीडियल, तिच्या शेजारचं बारीक हाड फिब्युला लॅटरल.

सावधान: पेशंट खाटेवर झोपला म्हणून शब्द बदलत नाहीत. उताण्या पेशंटचं पोट छताकडे असलं तरी ते अँटिरियरच. डोक्याकडची बाजू सुपीरियर, मग डोकं उशीवर असो की खाटेचा डोक्याकडचा भाग खाली केलेला असो. उताणं झोपणं म्हणजे सुपाइन, पालथं झोपणं म्हणजे प्रोन. हे दोन शब्द पेशंट कसा पडला आहे एवढंच सांगतात, त्यांचा दिशेशी संबंध नाही.

## टप्पा २: डावं-उजवं पेशंटचं, तुमचं नाही

रामकुंडाजवळ अहिल्याबाई होळकर पुलावर उभे राहा आणि विचारा, पंचवटी गोदावरीच्या कोणत्या तीरावर? तुम्ही तोंड कुठे करून उभे आहात यावर उत्तर ठरत नाही. प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडे तोंड करून बघायचं, मग पंचवटी डाव्या तीरावर आणि जुनं नाशिक उजव्या. नदीचे तीर जसे नदीच्या बाजूने मोजतात, तशी शरीराची बाजू शरीराच्या मालकाच्या बाजूने मोजायची.

जोडीदाराच्या समोर उभे राहून त्याच्या उजव्या हाताला टिकली लावा. ती तुमच्या डाव्या हातासमोर येईल. पुस्तकातली समोरून काढलेली प्रत्येक आकृती अशीच असते: यकृत पानाच्या डाव्या बाजूला दिसतं, पण ते उजवीकडचं.

एक्स-रे बघतानाही पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरायचं. हृदयाचं टोक फिल्मवर आपल्या उजवीकडे दिसतं आणि ते पेशंटचं डावं. फिल्मवर ‘आर’ किंवा ‘एल’ असं बाजूचं अक्षर असतं; ते आधी शोधा, निदान नंतर सांगा. सीटी स्कॅनच्या आडव्या छेदात पेशंट उताणा आहे आणि आपण त्याच्या पायांकडून बघतोय असं मानतात. म्हणून पोट वर, पाठीचा कणा खाली, आणि यकृत पडद्याच्या डावीकडे.

तपासा: जोडीदाराला पाठमोरं करा आणि न थांबता त्याचं डावं कोपर दाखवा. अडखळलात तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: पुठ्ठ्याने तीन प्रतलं

प्रतल म्हणजे शरीरातून आरपार जाणारा काल्पनिक सपाट पृष्ठभाग. जोडीदाराला भिंतीकडे तोंड करून अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनमध्ये उभं करा आणि पुठ्ठा असा धरा:

१. कोरोनल (फ्रंटल): पुठ्ठा समोरच्या भिंतीला समांतर. शरीराचा पुढचा आणि मागचा भाग वेगळा होतो.
२. ट्रान्सव्हर्स (हॉरिझॉन्टल): पुठ्ठा जमिनीला समांतर. वरचा आणि खालचा भाग.
३. सॅजायटल: पुठ्ठा उभा, भिंतीलाही काटकोनात आणि जमिनीलाही. डावा आणि उजवा भाग.

सॅजायटल छेद कुठूनही घेता येतो, पण मध्यरेषेतून जाणारा एकच: मीडियन किंवा मिड-सॅजायटल. त्याला समांतर बाकीचे सगळे पॅरासॅजायटल. “सॅजायटल म्हणजे दोन समान भाग” हे वाक्य वह्यावह्यांतून फिरत असतं. ते फक्त मीडियनला लागू पडतं, आणि तेही बाहेरून. आत बघाल तर यकृत बरंचसं उजवीकडे, प्लीहा डावीकडे, हृदयाचा मोठा भाग डावीकडे. डोक्याचा छेद ओळखायची एक युक्ती: सॅजायटल छेदात डोळा कापलेला दिसला, तर तो मीडियन नाही.

यांपैकी कशालाच समांतर नसलेला छेद म्हणजे ऑब्लिक.

आता कांद्याची पात घ्या. एक नळी आडवी कापा, एक उभी चिरा, एक तिरकी कापा. आडव्या कापात गोल कडं मिळेल, उभ्यात दोन समांतर भिंती, तिरक्यात लांबट अंडाकृती. रक्तवाहिनी, आतडं, मूत्रवाहिनी सगळ्या नळ्याच आहेत, आणि मायक्रोस्कोपखाली त्या याच तीन रूपांत येतात. टप्पा ८ मध्ये याचं काम पडणार आहे, म्हणून तुकडे लगेच पोह्यांत टाकू नका. तिन्हींचं चित्र वहीत काढून ठेवा.

चूक: अवयवाचा ‘टी.एस.’ (ट्रान्सव्हर्स सेक्शन) आणि शरीराचं ट्रान्सव्हर्स प्रतल एकच समजणं. टी.एस. हा त्या अवयवाच्या लांबीला काटकोनातला काप. मोठ्या आतड्याचा आडवा भाग, ट्रान्सव्हर्स कोलन, घ्या. तो शरीरात आडवा पसरलेला, म्हणून त्याचा टी.एस. घ्यायला शरीराच्या सॅजायटल प्रतलात कापावं लागेल. हे एकदा पुठ्ठा धरून करून बघा, नुसतं वाचून पटत नाही.

फिजिओच्या मुलांसाठी थोडं अधिक. फ्लेक्शन-एक्स्टेन्शन (वाकवणं-सरळ करणं) सहसा सॅजायटल प्रतलात होतं, अ‍ॅबडक्शन-अ‍ॅडक्शन (मध्यरेषेपासून लांब नेणं-जवळ आणणं) कोरोनलमध्ये, रोटेशन (फिरवणं) ट्रान्सव्हर्समध्ये. हाताचा अंगठा याला अपवाद. तो बाकीच्या बोटांच्या तुलनेत साधारण ९० अंशांत वळलेला आहे, म्हणून त्याचं फ्लेक्शन कोरोनल प्रतलात आणि अ‍ॅबडक्शन सॅजायटलमध्ये. बोटं फाकवणं मोजायचं ते शरीराच्या मध्यरेषेपासून नव्हे: हातात मधल्या बोटापासून, पायात दुसऱ्या बोटापासून.

## टप्पा ४: दिशा वाक्यात वापरा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नियम एकच: दिशेचा शब्द कधीही एकटा लिहायचा नाही. नेहमी पूर्ण वाक्य, “अमुक हे तमुकच्या … आहे.” ‘कोपर प्रॉक्सिमल आहे’ हे अर्धं वाक्य आहे. कोपर मनगटाच्या प्रॉक्सिमल आहे आणि खांद्याच्या डिस्टल. अवयव तोच, शब्द दोन, आणि दोन्ही बरोबर.

प्रत्येक जोडी कुठून मोजतात ते आधी पक्कं करा:

- सुपीरियर-इन्फिरियर: डोक्याकडे की पायांकडे. हृदय डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या) सुपीरियर. उजवी किडनी डावीपेक्षा थोडी इन्फिरियर, कारण तिच्या डोक्यावर यकृत आहे.
- अँटिरियर-पोस्टीरियर: पुढे की मागे. श्वासनलिका अन्ननलिकेच्या अँटिरियर. नडगी पायाच्या अँटिरियर, पोटरी पोस्टीरियर.
- मीडियल-लॅटरल: मध्यरेषेजवळ की लांब. नाक डोळ्यांच्या मीडियल, कान लॅटरल.
- प्रॉक्सिमल-डिस्टल: हात-पाय धडाला जिथे जोडले जातात तिथून जवळ की लांब.
- सुपरफिशियल-डीप: त्वचेजवळ की त्वचेपासून आत.
- इप्सिलॅटरल-कॉन्ट्रालॅटरल: त्याच बाजूचं की विरुद्ध बाजूचं. पित्ताशय आणि असेंडिंग कोलन (मोठ्या आतड्याचा वर चढणारा भाग) दोन्ही उजवीकडे, म्हणून इप्सिलॅटरल; पित्ताशय आणि प्लीहा कॉन्ट्रालॅटरल.

आता टिकल्यांकडे या. जोडीदाराने दोन टिकल्यांवर बोट ठेवायचं, तुम्ही वाक्य म्हणायचं, मग तेच वाक्य उलटं करून म्हणायचं. “गुडघा घोट्याच्या प्रॉक्सिमल, घोटा गुडघ्याच्या डिस्टल.” उलटं वाक्य पटकन येत नसेल तर जोडी अजून नुसती पाठच आहे.

आता व्हायव्हात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका.

प्रॉक्सिमल-डिस्टल धडावर वापरणं. “छाती पोटाच्या प्रॉक्सिमल” असं काही नसतं, तिथे सुपीरियर. धडाच्या आत ही जोडी चालते ती नळीसारख्या रचनांना, आणि तिथे मोजणी नळीच्या सुरुवातीपासून होते. ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) हे इलियमच्या (शेवटच्या भागाच्या) प्रॉक्सिमल, कारण अन्न तिथे आधी पोचतं. उलट हाता-पायांवर सुपीरियर म्हटलं तर ते अगदी चूक नसतं, पण परीक्षकाला प्रॉक्सिमल ऐकायचं असतं.

मीडियल, डीप आणि इंटर्नल यांची सरमिसळ. तिन्हींचा अर्थ आपण मनात ‘आतलं’ असाच करतो, म्हणून ती होते. मोजायचं कुठून ते तिन्हींचं वेगळं आहे. मीडियल मध्यरेषेपासून, डीप त्वचेपासून, इंटर्नल त्या पोकळीच्या किंवा पोकळ अवयवाच्या मध्यापासून. मांडीचं हाड तिच्या स्नायूंच्या डीप आहे. त्याला मीडियल म्हणालात तर ते सरकून दुसऱ्या मांडीकडे गेलं.

‘मीडियल’ला ‘मिडल’ समजणं. मधलं बोट हे तर्जनीच्या मीडियल आहे आणि अनामिकेच्या लॅटरल. ते ‘मधलं’ आहे म्हणून ‘मीडियल’ नाही.

पावलाचं डॉर्सम. हाताचं डॉर्सम म्हणजे हाताची पाठ, ती मागे असते. पावलाचं डॉर्सम मात्र वरची बाजू, ती डोळ्यांना समोर दिसते. तळव्याला प्लांटार, तळहाताला पामर. ‘डॉर्सल म्हणजे पोस्टीरियर’ एवढंच लक्षात ठेवलं तर पावलावर हटकून घसराल.

हृदयाचा बेस खाली शोधणं. बेस (रुंद बाजू) मागच्या बाजूला, एपेक्स (टोक) खाली-पुढे-डावीकडे. घराचा पाया खाली असतो म्हणून हृदयाचाही असेल, ही समजूत सोडा.

तपासा: हृदयावर चार वाक्यं लिहा, प्रत्येकात वेगळी जोडी. स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) पोस्टीरियर, अन्ननलिकेच्या अँटिरियर, फुप्फुसांच्या मीडियल, डायफ्रामच्या सुपीरियर अशी आली असतील तर टप्पा झाला.

## टप्पा ५: शब्द पेशंटच्या अंगावर

पोटाचे नऊ भाग दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषांनी पडतात. वरून खाली, मधल्या स्तंभात एपिगॅस्ट्रिक, अंबिलिकल, हायपोगॅस्ट्रिक. दोन्ही बाजूंना हायपोकॉन्ड्रियम, लंबर, इलियाक. टिकटॅकटोची चौकट काढून एकदा भरा की बसतं. फक्त भरताना टप्पा २ आठवा: ‘उजवा इलियाक’ कागदावर तुमच्या डावीकडे.

अपेंडिक्सची जागा दाखवणारा मॅकबर्नीचा बिंदू हा दिशांच्या शब्दांची चांगली परीक्षा घेतो. उजव्या बाजूला कमरेच्या हाडाचं पुढचं-वरचं टोक हाताला लागतं, ते अँटिरियर सुपीरियर इलियाक स्पाइन. तिथून बेंबीपर्यंत रेषा काढा. बाहेरचा एक-तृतीयांश भाग आणि आतला दोन-तृतीयांश भाग जिथे मिळतात तो हा बिंदू. मुलं बेंबीकडून एक-तृतीयांश मोजतात आणि अपेंडिक्स पोटाच्या मधोमध नेऊन ठेवतात. मोजणी हाडाकडून.

नर्सिंगच्या मुलींनी हेही बघावं: कुल्ह्यात इंजेक्शन देताना वरचा-बाहेरचा चौकोन निवडतात, म्हणजे सुपीरोलॅटरल. सायटिक नर्व्ह तिथून दूर राहते. ‘बाहेरचा’ म्हणजे मध्यरेषेपासून लांबचा. पेशंट पालथा आहे, तुम्ही कोणत्या बाजूला उभ्या आहात, याने तो बदलत नाही.

## टप्पा ६: सुईच्या वाटेवर चारही ऊती

ऊतींचा धडा सुरू करायला तक्ता घेऊ नका, तीच सुई घ्या. त्वचेपासून स्नायूपर्यंत ती सुपरफिशियलकडून डीपकडे जाते, आणि वाटेत हे थर लागतात:

१. एपिडर्मिस: अभिस्तर ऊती (एपिथेलियम). तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून वरवरच्या ओरखड्यातून रक्त येत नाही.
२. डर्मिस: दाट तंतूंची संयोजी ऊती. बीसीजीची (क्षयाची) लस इथेच थांबवतात.
३. त्वचेखालची चरबी: पुन्हा संयोजी ऊती, पण मेदाची. इन्सुलिन इथे.
४. स्नायू: स्नायू ऊती. इंट्रामस्क्युलर इंजेक्शन इथे.

आणि पेशंट “आई गं” म्हणतो ते चेता ऊतीमुळे. चार मूळ प्रकार संपले.

## टप्पा ७: अभिस्तर ऊतीला नाव देण्याचा क्रम

संयोजी, स्नायू आणि चेता ऊती बहुतेकांना जमतात. गोंधळ एपिथेलियमच्या नावांत होतो, आणि तोही नाव मागून पुढे वाचल्यामुळे. प्रश्न याच क्रमाने विचारा:

१. थर किती? एकच थर म्हणजे सिंपल, अनेक म्हणजे स्ट्रॅटिफाइड.
२. सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींचा आकार काय? चपट्या म्हणजे स्क्वेमस, चौकोनी म्हणजे क्युबॉइडल, उंच म्हणजे कॉलम्नर.
३. वर काही जादा आहे का? केस असल्यासारखे सिलिया, केराटिनचा (कडक प्रथिनाचा) थर, मध्ये गॉब्लेट (चिकट स्राव करणाऱ्या) पेशी.

दुसऱ्या प्रश्नातले ‘सगळ्यात वरच्या थरातल्या’ हे शब्द पुन्हा वाचा. त्वचेचा सगळ्यात खालचा थर क्युबॉइडल किंवा कॉलम्नर असतो, पण वर चपट्या पेशी, म्हणून नाव स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस. तळ बघून नाव देणं ही या धड्यातली सर्वांत मोठी चूक आहे.

दोन प्रकार नियमात बसत नाहीत. स्यूडोस्ट्रॅटिफाइडमध्ये न्यूक्लियस वेगवेगळ्या उंचीवर असल्याने अनेक थरांचा भास होतो, पण प्रत्येक पेशी बेसमेंट मेम्ब्रेनला (तळाच्या पातळ पापुद्र्याला) टेकलेली असते. श्वासनलिकेत हा सापडतो. ट्रान्झिशनल मूत्राशयात आणि मूत्रवाहिनीत: रिकाम्या मूत्राशयात वरच्या पेशी गोलसर घुमटासारख्या, भरल्यावर ताणून चपट्या.

जागा लक्षात ठेवताना कामाशी जोडा. वायूची देवाणघेवाण जिथे, तिथे भिंत पातळ: फुप्फुसाच्या वायुकोशात सिंपल स्क्वेमस. शोषण आणि स्राव जिथे, तिथे उंच पेशी: जठर, आतडं, पित्ताशयात सिंपल कॉलम्नर. थायरॉइडचे फॉलिकल आणि किडनीच्या अनेक नलिका सिंपल क्युबॉइडल. जिथे घासणं असतं तिथे अनेक थर: त्वचेवर केराटिनसह, तोंडात, अन्ननलिकेत, योनिमार्गात केराटिनशिवाय.

संयोजी ऊतीत पेशी विरळ आणि मधला पदार्थ जास्त. रक्त, हाड, कास्थी (कार्टिलेज), चरबी सगळी याच घरातली. टेंडन स्नायूला हाडाशी जोडतो, लिगामेंट हाडाला हाडाशी. कास्थीचे तीन प्रकार: श्वासनलिकेच्या कड्यांत हायलाइन, कानाच्या पाळीच्या वरच्या ताठ भागात इलास्टिक, मणक्यांमधल्या चकतीत फायब्रो. (खालची मऊ पाळी, जिथे कानातलं घालतात, तिथे कास्थी नसते. हा प्रश्न विचारायला परीक्षकांना फार आवडतो.)

## टप्पा ८: स्लाइडसमोर

१. स्लाइड आधी उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. तुकडा नळीचा आहे की गच्च?
२. सर्वांत कमी पॉवरवर सुरुवात. जाड स्क्रू फक्त इथेच फिरवायचा. ४० एक्सवर तो फिरवलात की लेन्स स्लाइडवर टेकते, आणि मग लॅब असिस्टंटची नजर तुमच्यावर.
३. काप कसा आहे ते ठरवा: गोल, दोन समांतर भिंती, की अंडाकृती? पातीची वहीतली चित्रं समोर ठेवा.
४. मोकळी कडा शोधा, जिथे ऊती संपून पांढरी पोकळी सुरू होते. एपिथेलियम तिथे असतं.
५. मग १० एक्स, मग ४० एक्स, आणि टप्पा ७ चे प्रश्न.

नेहमीच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) रंगात न्यूक्लियस निळा-जांभळा आणि बाकी बरंचसं गुलाबी. जर्नलमधल्या दोन पेन्सिली त्यासाठीच.

सावधान: तिरक्या कापात एकाच थराचं एपिथेलियम अनेक थरांचं दिसतं. एका जागी तीन थर दिसले म्हणून स्ट्रॅटिफाइड लिहू नका. त्याच कडेने पुढे सरका. कुठेही स्वच्छ एकच थर सापडला तर ते सिंपल.

चरबीच्या पेशी रिकाम्या गोलांसारख्या दिसतात, कारण स्लाइड तयार करताना चरबी विरघळून जाते. स्लाइड खराब आहे अशी तक्रार घेऊन जाऊ नका. न्यूक्लियस कडेला दाबलेला दिसेल.

स्नायूंत फरक तीन गोष्टींवर: पट्टे, न्यूक्लियसची जागा, फांद्या. स्केलेटलमध्ये पट्टे आणि कडेला अनेक न्यूक्लियस. कार्डियाकमध्ये पट्टे, फांद्या, मध्यभागी एखादा न्यूक्लियस आणि पेशी जोडणाऱ्या इंटरकॅलेटेड डिस्क. स्मूथमध्ये पट्टे नाहीत, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी, मध्ये एक न्यूक्लियस. स्पॉटिंगमध्ये (स्लाइड ओळखायच्या परीक्षेत) स्मूथ स्नायू आणि टेंडन यांची अदलाबदल हमखास होते, कारण दोन्ही गुलाबी आणि रेघारेघांचे. न्यूक्लियस कुठे आहे ते बघा: स्मूथ स्नायूत तो पेशीच्या आत, टेंडनमध्ये चपटा होऊन तंतूंच्या मधल्या फटीत रांगेने.

## टप्पा ९: जोडीदाराला विचारायचे प्रश्न

पुस्तक बंद. उत्तर पूर्ण वाक्यात हवं, पाच सेकंदांच्या आत.

- पालथ्या पेशंटची पाठ छताकडे आहे. ती सुपीरियर का? (नाही, पोस्टीरियर.) चुकलं तर टप्पा १.
- सीटीच्या आडव्या छेदात पडद्याच्या उजवीकडे प्लीहा दिसते. बरोबर आहे का? (हो, ती पेशंटची डावी बाजू.) चुकलं तर टप्पा २.
- दोन्ही कान एकाच कापात आले आणि चेहरा डोक्याच्या मागच्या भागापासून वेगळा झाला. कोणतं प्रतल? (कोरोनल.) चुकलं तर टप्पा ३.
- करंगळी अंगठ्याच्या मीडियल की लॅटरल, हातात? आणि पायात? (हातात मीडियल, पायात लॅटरल.) चुकलं तर टप्पा १ आणि ४, टिकल्यांसकट.
- मॅकबर्नीचा बिंदू बेंबीजवळ की हाडाजवळ? (हाडाजवळ.) टप्पा ५.
- अन्ननलिकेच्या एपिथेलियमचा तळचा थर चौकोनी पेशींचा दिसतो. नाव काय? (स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस, केराटिनशिवाय.) टप्पा ७.
- स्लाइडवर लांबट अंडाकृती पोकळी आणि भोवती दोन-तीन थर. आधी काय तपासाल? (काप तिरका आहे का, आणि कडेने कुठे एकच थर सापडतो का.) टप्पा ८.

उत्तर बरोबर पण पाच सेकंदांत आलं नाही, तरी ते चुकलेल्यांतच मोजा आणि त्या टप्प्यावर परत जा. व्हायव्हात परीक्षक सहाव्या सेकंदाला पुढचा रोल नंबर पुकारतो.